दोन महिन्यांत ७१ युनिट पाणी! मीटर खोटं बोलतोय की आमचं घर?

उतारवाट | ९ फेब्रुवारी, रात्री ९.४०

मंडळी, पाण्याच्या बिलावर धागा काढायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. इथे पूर्वी कुणीतरी विजेच्या मीटरवर काढला होता तेव्हा मी हसलो होतो. आता माझी पाळी.

तालुक्याच्या गावी आमचं स्वतःचं घर आहे, तळमजला आणि वर एक मजला. माणसं पाच. आम्ही दोघं, आई, मुलगी आणि नोकरीसाठी आलेला मेव्हणा. मुलगा होस्टेलवर असतो, त्याची वरची खोली बंदच. नगरपालिकेचं पाणी एक दिवसाआड, सकाळी सहा ते आठ. मीटरमधून ते आधी जमिनीतल्या टाकीत पडतं (३००० लिटर), तिथून अर्ध्या एचपीच्या मोटरने गच्चीवरच्या टाकीत (१००० लिटर). बिल दोन महिन्यांनी येतं.

गेल्या बिलांतली युनिटं: ३३, ३५, ३४, ऑक्टोबर-नोव्हेंबरचं ३९, आणि आता डिसेंबर-जानेवारीचं ७१. स्लॅब ओलांडल्यामुळे रक्कम अडीचपटीच्या वर गेली आहे.

उन्हाळा नाही, पाहुणे नाहीत, लग्नकार्य नाही. भिंतीला ओल नाही, एकही नळ ठिबकत नाही. रीडिंग घेणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "काका, मी फक्त आकडा लिहितो." मीटर बिघडलाय असं माझं ठाम मत आहे. तपासणीचा अर्ज लिहून ठेवलाय, उद्या देणार. त्याआधी कुणाचा काही अनुभव असेल तर सांगा.


तिरकस | ९ फेब्रुवारी, रात्री ९.५२

मेव्हण्याला विचारलंत का?


उतारवाट | ९ फेब्रुवारी, रात्री ९.५८

हा प्रश्न घरात आधीच विचारून झालाय आणि त्याचे परिणाम मी भोगतोय. पुढे चला.


रानमेवा | ९ फेब्रुवारी, रात्री १०.१५

हवा. दुसरं काही नाही. एक दिवसाआड पाणी म्हणजे मधल्या वेळात लाइन रिकामी, तिच्यात हवा. पाणी सोडलं की ती हवा आधी तुमच्या मीटरमधून सुटते आणि मीटर भिंगरीसारखा फिरतो. आपण सगळे हवेचे पैसे भरतोय. आमच्या गल्लीत सकाळी नळातून शिट्टी वाजते, आमची आजी त्याला पालिकेचा भोंगा म्हणते.


बर्फाळकट्टा | ९ फेब्रुवारी, रात्री ११.०५

इकडे मिनेसोटात असंच झालं होतं. सोपी चाचणी आहे. रात्री झोपताना सगळे नळ बंद करा, मीटरचा फोटो काढा, सकाळी उठल्यावर पुन्हा काढा. आकडा हलला असेल तर गळती. आमच्याकडे कमोडच्या टाकीतलं रबरी झाकण खराब निघालं. आवाज नाही, काही नाही, आणि पाणी दिवसरात्र चाललेलं. इथल्या पर्यावरण खात्याचा, म्हणजे ईपीएचा, अंदाज आहे की साधारण एका घरातून गळतीपायी वर्षाला जवळपास १०,००० गॅलन पाणी जातं. लिटरमध्ये ३७ हजारांच्या वर. आमचं बिल शंभर घनफुटांच्या युनिटात असल्यामुळे वाढ झालेली कळायलाच वेळ लागला. आमचं एक युनिट म्हणजे ७४८ गॅलन!


जलतरंग_६१ | १० फेब्रुवारी, सकाळी ६.३०

३१ वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, आता निवृत्त. उतारवाट, तो अर्ज आठ दिवस खिशात ठेवा. कारण सांगतो.

यांत्रिक मीटर जुना झाला, आतली चक्री झिजली, की तो बहुतेक वेळा कमी मोजतो, जास्त नाही. म्हणूनच जुना मीटर काढून नवा बसवला की लोकांची बिलं वाढतात आणि शिव्या नव्या मीटरला पडतात. मीटर अचानक दुप्पट मोजायला लागला, असं मी नोकरीत फार क्वचित पाहिलं. दुप्पट बिलं मात्र ढिगाने पाहिली.

बर्फाळकट्टा, तुमची रात्रीची चाचणी बरोबर आहे, पण ती तुमच्याकडे. तुमच्या लाइनीत चोवीस तास दाब असतो. यांच्याकडे रात्री लाइन कोरडी. मीटरपुढचा पाइप चाळणीसारखा गळत असला तरी मीटर मेल्यासारखा पडून राहणार, आणि हे म्हणणार "गळती नाही". या चाचणीच्या नादी लागून बरेच जण फसतात. एक दिवसाआडच्या गावात पाणी चालू असतानाच मीटर तपासायचा.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, हजार लिटर. पूर्वीचे ३४ युनिट म्हणजे साठ दिवसांत ३४ हजार लिटर, रोजचे ५६७, माणशी ११३. बरोबर वाटतं. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मॅन्युअलमधलं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे, त्याच्या आतच. आताचे ७१ म्हणजे माणशी २३७. तुम्ही पाचजण आंघोळीला धबधब्याखाली उभे राहत असाल तरच.

वाढ झाली ३७ हजार लिटर. ती दोनच प्रकारे होऊ शकते.

एक, टाकीच्या पुढे, म्हणजे घरात, गळती आहे. ती चोवीस तास चालते. ३७ हजार भागिले ६० दिवस भागिले २४ तास, ताशी साधारण २६ लिटर. दर २८ सेकंदांना एक पेलाभर. कमोडमध्ये भिंतीला चिकटून एवढं पाणी गेलं तर दिसतही नाही.

दोन, टाकीच्या अलीकडे गळती आहे. मग ती पाणी येतं तेवढेच दोन तास, महिन्यातले पंधरा दिवस. ६० दिवसांत ६० तास. ताशी सहाशेवर लिटर, मिनिटाला दहा. बागेची नळी सोडल्यासारखं. एवढं पाणी कुठेतरी जात असेल तर ते दिसायलाच हवं, नाहीतर ते जाण्याची छान सोय कुणीतरी करून ठेवलेली असणार.

चार गोष्टी सांगा. (१) आजचा मीटरचा आकडा, काळे (पूर्ण युनिटं) आणि लाल (वरचे लिटर) वेगवेगळे. (२) मोटर पूर्वी दिवसाकाठी किती वेळ चालायची, आता किती? (३) जमिनीतल्या टाकीचा ओव्हरफ्लो, म्हणजे टाकी भरल्यावर जादा पाणी जाण्याचा पाइप, कुठे निघतो? (४) दिवाळीच्या आसपास घरात काही काम काढलं होतं का?


रानमेवा | १० फेब्रुवारी, सकाळी ८.१०

म्हणजे हवा नाहीच? तीस वर्षं खात्यात काढल्यावर माणूस खात्याचीच बाजू घेणार.


जलतरंग_६१ | १० फेब्रुवारी, सकाळी ८.२५

एकतीस. हवा आहे, नाही असं मी म्हटलेलं नाही. उंचावरच्या गल्लीत, लाइनीच्या शेवटच्या टोकाला ती बरीच असू शकते. लाइनीवर मोक्याच्या जागी एअर व्हॉल्व्ह, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा, नसले की लोकांचे नळच एअर व्हॉल्व्ह होतात. पण यांच्या ३४ युनिटांतही हवा होतीच की. यंदा हवा दुप्पट झाली का? मोजू या, भांडू नका.


उतारवाट | १० फेब्रुवारी, रात्री ९.२०

काका, उत्तरं.

(१) काळे आकडे १८५१, लाल ४०७. बिलावर मागचं १७७१, आताचं १८४२. म्हणजे त्या मुलाने नीटच लिहिलंय. मी लाल आकडे पण धरून वाचत होतो आणि काही क्षण मला हार्ट अटॅक आला होता.

(२) हे बायकोला विचारलं. मोटरचं खातं तिच्याकडे. ती म्हणते रोज सकाळी एकदाच लावते, टाकी भरली की बंद. पूर्वीपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त लागतात असं तिला "वाटतं".

(३) ओव्हरफ्लो पूर्वी फाटकाजवळ रस्त्यावर यायचा. आता कुठे जातो बघावं लागेल.

(४) हो. दिवाळीआधी पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवले. त्याच वेळी गवंड्याकडून जमिनीतली टाकी आतून धुऊन घेतली.


जलतरंग_६१ | १० फेब्रुवारी, रात्री ९.४५

वहिनींना माझा नमस्कार सांगा, या धाग्यातली सर्वांत उपयोगी माहिती त्यांनी दिली.

सगळी गळती घरात असती तर रोज सहाशे लिटर जास्त वर चढवावं लागलं असतं, मोटर दुप्पट वेळ चालली असती, विजेचं बिलही ओरडलं असतं. चार-पाच मिनिटंच वाढली, म्हणजे थोडं पाणी घरात जातंय, आणि बरंच मोटरच्या अलीकडेच जातंय. पेव्हर ब्लॉक वाचून माझे कान टवकारले, पण आधी चाचण्या.

आज रात्री: सगळे झोपल्यावर गच्चीवरच्या टाकीत पट्टी बुडवून पातळी मोजा. पहाटे कुणी नळ सोडायच्या आत पुन्हा मोजा. टाकीचा व्यासही मोजून ठेवा.


कोथिंबीरवडी | ११ फेब्रुवारी, दुपारी १.३०

वाचतेय. मी मुंबईतल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, त्यामुळे हे दुःख घाऊक प्रमाणात पाहिलंय. आमच्याकडे मीटर अख्ख्या सोसायटीला एक आणि दर चढत्या भाजणीचा. माणशी १५० लिटरपर्यंत नेहमीचा दर, १५० ते २०० दुप्पट, २०० ते २५० तिप्पट, त्यावर चौपट. म्हणजे गळतीचं पाणी सगळ्यांत महाग दराने विकत घेऊन गटारात सोडायचं.

आमचं बिल फुगलं तेव्हा चार महिने सातव्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलींवर संशय. सहा मुली, रोज केस धुतात, वगैरे. वार्षिक सभेत एका सद्गृहस्थांनी हे भाषण करून दाखवलं. शेवटी काय निघालं? आग विझवण्यासाठीची जी वेगळी टाकी गच्चीवर असते, तिचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने पाणी बंद करणारा नळ, गेला होता. ती टाकी कुणी वापरत नाही म्हणून कुणी बघत नाही. तिचा ओव्हरफ्लो पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडलेला, तो पाइप सरळ खाली नाल्यात. मुलींची माफी कुणी मागितली नाही. केस मात्र अजून धुतात.


मांडवीकाठ | ११ फेब्रुवारी, दुपारी ४.००

आमच्या गोव्यात सप्टेंबर २०२१ पासून महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी फुकट अशी योजना आली, तेव्हा वाड्यावर जो तो मीटरपुढे वाकून उभा. त्याआधी मीटर कुठल्या कोनाड्यात आहे हेही अर्ध्यांना ठाऊक नव्हतं. आमचा त्याच्या कितीतरी वर जायचा. गळती शोधून दमलो, आणि निघाले काय, तर बाबा रोज संध्याकाळी तीन माडांना नळी लावून गजालीला जायचे आणि तासाभराने यायचे. बादली लावून मोजलं, मिनिटाला १२ लिटर. तासाला ७२० लिटर. आता माडांना भांडी घासल्याचं पाणी.


उतारवाट | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

पट्टीचाचणीचा निकाल: रात्री ११ ते पहाटे ५, सहा तासांत पाणी ४ सेंमी उतरलं. टाकीचा व्यास ११० सेंमी. म्हणजे एका सेंटिमीटरला साडेनऊ लिटर, चार सेंमीला ३८ लिटर. ताशी सव्वासहा. दिवसाला १५२ लिटर. दोन महिन्यांत ९ युनिट!

एकही नळ ठिबकत नव्हता हो. टॉर्च घेऊन सगळं घर फिरलो.


जलतरंग_६१ | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

नळ सोडा, कमोडच्या टाक्या बघा. प्रत्येक फ्लश टँकमध्ये चमचाभर खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की चोर तोच. घरात रंग नसेल तर हळद नको, डाग पडला की वहिनी मला बोलतील.


उतारवाट | १२ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

आईच्या डब्यात जिलबीचा केशरी रंग होता. खालचे दोन्ही कमोड स्वच्छ. वरच्या मजल्यावर, मुलाच्या बंद खोलीतल्या बाथरूममध्ये, केशरी!

जिथे जूनपासून कुणी गेलेलंच नाही, तिथे रोज १५२ लिटर. टाकी उघडली तर तळाचं रबरी सील कडक होऊन वाकडं झालेलं. त्या टाकीचा कॉक तूर्तास बंद केला. मेव्हणा निर्दोष सुटला, आज त्याला जिलबी.


तिरकस | १२ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

अर्धवट सुटका. ३७ पैकी ९ च सापडले. २८ अजून बाकी आहेत, मेव्हण्याने गाव सोडून जाऊ नये.


जलतरंग_६१ | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.००

तिरकस यांचा हिशोब बरोबर. २८ हजार लिटर, ३० पाणीदिवस, दर वेळी ९३३ लिटर.

उद्या तुमच्याकडे पाणी येणार ना? मग पाचला उठा. वही, घड्याळ, मोबाइल घेऊन मीटरपाशी बसा. मीटरवर लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या असतील. ज्यावर ×०.००१ लिहिलंय तिचा एक आकडा म्हणजे एक लिटर, पूर्ण फेरा दहा लिटरचा. मध्ये एक बारीक दातेरी चक्री किंवा लाल त्रिकोण असेल. अगदी थेंबाथेंबाने पाणी गेलं तरी तो हलतो. आकड्यांपेक्षा त्याच्यावर नजर ठेवा.

क्रम असा. पाणी यायच्या आधीचा आकडा लिहा. शिट्टी सुरू झाली की वेळ लिहा. खरं पाणी टाकीत पडायला लागलं की आकडा लिहा. मधला फरक म्हणजे रानमेवा यांची हवा. मग टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं चक्री बघा. फिरली तर मीटर ते टाकी या पाइपात गळती. थांबली तर पाइप निर्दोष. मग व्हॉल्व्ह उघडा, टाकी भरू द्या, आणि भरल्यावर पुन्हा चक्री बघा. ती तेव्हा थांबते का, हा खरा प्रश्न.

मीटरवरचा संशय गेला नसेल तर मीटरजवळच्या नळावर पाण्याचे २० लिटरचे जार भरून मोजा, पाच तरी. एकाच जारवर जाऊ नका. आणि जार गळ्यापर्यंत भरला की २० चे २० च असतात असं नाही, वजन करा. एक लिटर एक किलो.


उतारवाट | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.४५

आज ऑफिसला उशीर झाला, पण लिहितोच.

५.५८ ला शिट्टी. साडेतीन-चार मिनिटं नुसतं फुसफुसणं आणि मीटर खरंच फिरत होता, तेही जोरात. टाकीत थेंब नाही. या वेळात मीटरने मोजले २२ लिटर. रानमेवा, हवा आहे. पण २२ गुणिले ३० म्हणजे ६६० लिटर. अख्ख्या बिलात पाऊण युनिटाच्या आत.

मग मीटरजवळच्या नळावर पाच जार, शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर वजन करून. १०० लिटरला मीटर १०१ दाखवतो.

मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद. चक्री थांबली! दहा मिनिटं डोळे फाडून बघितलं, दगड. पाइप निर्दोष.

व्हॉल्व्ह उघडला. मिनिटाला २५ लिटरने पाणी पडायला लागलं. जार आणि थांबाथांबीत वीसेक मिनिटं गेली होती, तरी सव्वासातला टाकी भरली. ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला पाणी लागलं. आणि मीटर थांबला नाही. मिनिटाला १५ लिटर. आठ वाजता पाणी जाईपर्यंत तसाच.

बॉलकॉक वर आलेला दिसत होता, पण पुरता नाही. हाताने उचलला की पाणी बंद, सोडला की सुरू. ओव्हरफ्लोमधून पाणी जात होतं, पण फाटकाजवळ एक थेंब नाही!


जलतरंग_६१ | १३ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

आता सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण उघडा.


उतारवाट | १३ फेब्रुवारी, रात्री ८.३०

उघडलं. मेव्हण्याने पहार घातली, मी टॉर्च धरला.

पेव्हर ब्लॉक बसवताना गवंड्याने ओव्हरफ्लोचा पाइप लांबवून सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडलेला. आता आठवलं, मीच म्हणालो होतो की पार्किंग ओलं व्हायला नको, शेवाळ धरतं. पूर्वी टाकी वाहिली की पाणी रस्त्यावर यायचं आणि समोरच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, "अहो, तुमची टाकी वाहतेय!" काकू आमचा अलार्म होत्या. तो मी पैसे देऊन बंद केला.

बॉलकॉकचा प्लॅस्टिकचा गोळा काढला, कानाशी हलवला, आत पाणी खळखळतंय. बारीक चीर. अर्धा भरलेला गोळा अर्धाच तरंगणार. टाकी धुताना गवंड्याचा पाय पडला असेल, किंवा नसेल. पुराव्याअभावी सोडून दिलं.

रोजचा हिशोबही जुळला. घराला लागणारं दोन दिवसांचं पाणी आणि फ्लशची गळती मिळून साधारण १४३८ लिटर, २५ च्या वेगाने भरायला ५७-५८ मिनिटं. उरलेला तासभर मिनिटाला १५ ने गटारात, म्हणजे ९३० च्या आसपास. काका ९३३ म्हणाले होते. अंगावर काटा आला.


जलतरंग_६१ | १३ फेब्रुवारी, रात्री ९.००

जुळवाजुळव मनाला लावून घेऊ नका, तीन लिटर इकडेतिकडे होतातच.

आता बिलापेक्षा महत्त्वाचं. ओव्हरफ्लो थेट सांडपाण्याच्या चेंबरला जोडणं धोक्याचं आहे. पावसाळ्यात गटार तुंबलं की तेच पाणी उलट त्या पाइपातून तुमच्या पिण्याच्या टाकीत येईल. झुरळं आणि वास तर आत्ताच येत असतील. एका वाड्यात एकाच वेळी सगळ्यांना जुलाब आणि कावीळ झालेली मी याच कारणाने पाहिली आहे. उद्याच्या उद्या तो पाइप तोडा. ओव्हरफ्लो उघड्यावर, जमिनीच्या वर, डोळ्यांना दिसेल असा हवा, तोंडाला जाळी. टाकी एकदा रिकामी करून धुवा, ब्लिचिंग पावडर वापरा, मगच पुन्हा प्यायला घ्या. तोवर पिण्याचं पाणी उकळून.

बॉलकॉक पितळी घ्या, गोळाही चांगला. शे-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.


कोथिंबीरवडी | १३ फेब्रुवारी, रात्री ९.३०

आणि समोरच्या काकूंना साडी.


रानमेवा | १३ फेब्रुवारी, रात्री ९.४१

२२ लिटर हवा सिद्ध झाली याची नोंद घ्यावी. आमच्या गल्लीत, चढावर, उद्या मीही मोजणार आहे. तुमच्याकडे चार मिनिटं, आमच्याकडे पंधरा मिनिटं शिट्टी वाजते.


जलतरंग_६१ | १३ फेब्रुवारी, रात्री ९.५०

जरूर मोजा. आकडा मोठा आला तर गल्लीतल्या पाच-दहा घरांची मोजणी एकत्र करून तारीखवार अर्ज द्या आणि लाइनीवर एअर व्हॉल्व्ह मागा. एकट्याचा अर्ज फाइलमध्ये जातो, दहा घरांची वही पुढे सरकते. तोवर पाण्याला सुरुवात होताना तुमचा कॉक बंद ठेवा, शिट्टी थांबल्यावर उघडा.


तिरकस | १३ फेब्रुवारी, रात्री ९.५५

आणि सगळ्यांनी कॉक बंद ठेवला तर हवा जाणार कुठून?


जलतरंग_६१ | १३ फेब्रुवारी, रात्री १०.०१

पहिला रास्त प्रश्न विचारलात. म्हणूनच एअर व्हॉल्व्ह.


उतारवाट | १७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

पालिकेच्या कार्यालयात जाऊन आलो. अर्ज बदलून नेला, मीटर तपासणीऐवजी सवलतीचा. साहेब सज्जन होते, पण म्हणाले की मीटरच्या पुढचं पाणी तुमचं, ते प्यालात काय आणि सांडलंत काय. चेंबरचे फोटो दाखवले तर म्हणाले, ते फोटो दुसऱ्या कुणाला दाखवू नका, जोडणी बेकायदा आहे. दोन हप्ते करून मिळाले. बर्फाळकट्टा, तुमच्याकडे काय करतात अशा वेळी?


बर्फाळकट्टा | १७ फेब्रुवारी, रात्री ११.२०

प्लंबरची पावती जोडून अर्ज केल्यावर आम्हाला बिलात एकदाच थोडी सूट मिळाली होती. पुन्हा गळलं तर नाही म्हणाले. प्लंबरचं बिल मात्र त्या सवलतीच्या तिप्पट होतं, तेव्हा हेवा करू नका.


उतारवाट | १२ एप्रिल, रात्री ९.००

धागा वर काढतोय. फेब्रुवारी-मार्चचं बिल आलं: ४२. फेब्रुवारीचे पहिले तेरा दिवस जुनी गळती धरली तर बरोबर बसतं. त्यानंतरचं मी दर पाणीदिवशी स्वतः लिहितोय. सरासरी ११४० लिटर, दोन दिवसांचे. म्हणजे पुन्हा ३४ च्या घरात. वही मीटरच्या पेटीत पेन्सिलीसकट टांगली आहे, मुलीची सही असते.

ओव्हरफ्लो पुन्हा फाटकाजवळ काढला. पार्किंगला शेवाळ आलं तर येऊ दे. काकूंना सांगून ठेवलंय.


नवी_भाडेकरीण | १२ एप्रिल, रात्री ९.३५

नमस्कार, इथे नवीन आहे. हा धागा वाचून आज सकाळी चाचणी केली. आमच्याकडे टाकीचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही चक्री फिरत राहते, दहा मिनिटांत ६ लिटर. घरमालक म्हणतात मीटर खराब आहे. मीटर ते टाकी पाइप सगळा फरशीखाली आहे. आता फरशी फोडायची का?


जलतरंग_६१ | १३ एप्रिल, सकाळी ६.१०

फोडू नका, थांबा. आधी तो व्हॉल्व्ह स्वतः पूर्ण बंद होतो का बघा. जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर कचरा अडकून थोडं पाणी सोडतच राहतो. टाकीत वाकून बघा, व्हॉल्व्ह बंद असताना धार पडते का. पडत असेल तर ते ६ लिटर टाकीतच जातायत, गळती नाही. पडत नसेल तर मीटरनंतर कुठे दुसरा नळ काढलाय का शोधा. अंगणात, कुंड्यांमागे, जुन्या न्हाणीघरात. भाड्याच्या घरात असा एक नळ हमखास असतो आणि तो घरमालकाच्या बाजूला उघडतो.


नवी_भाडेकरीण | १३ एप्रिल, सकाळी ८.५०

व्हॉल्व्ह नीट बंद होतो, टाकीत थेंब नाही. मागच्या बाजूला गेले. भिंतीतून एक पाइप आरपार गेलाय. पलीकडे घरमालकांचा गोठा आहे.


तिरकस | १३ एप्रिल, सकाळी ८.५२

नवीन धागा काढा. आम्ही येतोच.